ओल्या टर्फवरचा जॉकी : कौशल्य की आकड्यांचा भास?

प्रश्न (आतली रेल)

गेले तीन मोसम मी टर्फवरील, म्हणजे गवताच्या ट्रॅकवरील, घोड्यांच्या शर्यतींची नोंद एका वहीत ठेवत आलो आहे. ट्रॅकची जाहीर झालेली अवस्था, अंतर, घोड्यावरील वजन, गेट क्रमांक आणि जॉकी एवढेच रकाने त्यात आहेत. अलीकडे जॉकींच्या नोंदी कोरडा ट्रॅक आणि ओला ट्रॅक अशा वेगळ्या काढल्या, तेव्हा काही जणांची विजयाची टक्केवारी पावसानंतर ठळकपणे वाढलेली दिसली, तर कोरड्यावर सतत जिंकणारे एक-दोन जॉकी ओल्यावर एकदम मागे पडलेले दिसले.

घोड्याच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. एखाद्याची टाप मऊ जमिनीत नीट बसते, एखाद्याची घसरते. परंतु जॉकीचे पाय रिकिबीत असतात, जमिनीवर नसतात. मग ट्रॅक मऊ झाल्याने त्याच्या कामगिरीत फरक का पडावा? आणि पडत असेल, तर तो घोड्याच्या गुणांपासून वेगळा कसा ओळखावा?

उत्तर (वजनकाटा)

आपली वही खोटे बोलत नाही, मात्र ती नेमके कोणाविषयी बोलते आहे हे आधी तपासावे लागेल. समजा, एखाद्या जॉकीची खरी कुवत शंभरात पंधरा विजयांची आहे आणि ओल्या ट्रॅकवर त्याला ४० घोडे मिळाले, तर अपेक्षित विजय ६ होतात. निव्वळ योगायोगानेच हा आकडा बहुतेक वेळा ४ ते ८ च्या दरम्यान हेलकावेल. असे सारख्याच कुवतीचे वीस जॉकी घेतले, तर त्यांपैकी एखाद्याच्या नावावर १० किंवा अधिक विजय लागणे मुळीच नवलाचे नाही, आणि नेमक्या त्यालाच आपण चिखलातला बादशहा ठरवून मोकळे होतो.

याहून मोठी गफलत वेगळ्याच ठिकाणी होते. पाऊस पडला की ट्रेनर घोडे शर्यतीतून मागे घेतात. बारा घोड्यांची शर्यत आठांवर आली, तर प्रत्येकाच्या वाट्याची सरासरी संधी ८.३ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर जाते. म्हणजे कोणी काहीही वेगळे केलेले नसताना ओल्या रकान्यातील टक्केवारी दीडपट होऊन बसते. शिवाय मैदानात उरतात ते बहुधा मऊ जमीन मानवणारे घोडे, आणि ते ज्यांच्या तबेल्यात अधिक आहेत, त्यांच्या नेहमीच्या जॉकीची टक्केवारी आपोआप फुगते.

म्हणून केवळ विजय मोजू नयेत. शर्यत सुटतानाचा भाव ४ ला १ (एक रुपया लावला तर जिंकल्यावर चार रुपये नफा) असेल, तर बाजाराच्या मते त्या घोड्याला साधारण २० टक्के संधी असते. बुकीचा (पैजा घेणाऱ्याचा) नफा त्यातच असल्याने खरी संधी किंचित कमी धरावी. जॉकीने ओल्यावर घेतलेल्या सर्व घोड्यांची अशी संधी बेरजेत मांडून ती प्रत्यक्ष विजयांशी ताडून पाहावी. प्रत्यक्ष विजय पुष्कळ स्वारींनंतरही बेरजेपेक्षा पुढेच राहिले, तर मग जॉकीचा हात मानायला हरकत नाही. माझा अंदाज आहे की एवढे केल्यावर बहुतेक बादशहांचे मुकुट उतरतील.

उत्तर (पहाटेचा सराव)

वजनकाटा यांचा हिशोब मान्य आहे, परंतु ‘जॉकीचे पाय जमिनीवर नसतात’ या वाक्याला माझी हरकत आहे. मी काही वर्षे सकाळच्या सरावाला घोडे काढत असे. जमीन कशी आहे हे डोळ्यांच्या आधी गुडघ्यांना आणि बोटांना कळते. टणक ट्रॅकवर टापांचा आवाज कोरडा येतो आणि घोडा प्रत्येक झेपेत जमिनीवरून उसळतो. मऊ ट्रॅकवर तोच आवाज दबतो, आणि लगामावर एक बारीक हिसका जाणवू लागतो, कारण रुतलेला खूर सोडवून घेताना घोड्याची मान किंचित खाली जाते. त्या क्षणी हात मानेबरोबर पुढे जाऊ द्यायचे असतात. ज्याचे हात तिथे अडतात, तो घोड्याचा तोल स्वतःच मोडतो. एका झेपेत हे दिसतही नाही, पण अशा दोनशे झेपांनंतर घोडा रिकामा झालेला असतो.

दुसरी गोष्ट पाय बदलण्याची. वळणावर घोडा आतल्या बाजूचा पुढचा पाय आघाडीला ठेवतो आणि सरळ भागात आल्यावर तो बदलून दमलेल्या पायाला विसावा देतो. भरधाव वेगात पुढच्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, त्यामुळे ही अदलाबदल म्हणजे चैन नव्हे. जड जमिनीत दमलेला घोडा पाय बदलायला कुरकुरतो. घाईचा जॉकी वळण संपता संपता चाबूक उचलतो, आणि चुकीच्याच पायावर निघालेला घोडा शेवटपर्यंत तिरपा धावत राहतो. जाणता जॉकी आधी त्याला सरळ करून श्वास घेऊ देतो आणि मगच वेगाची मागणी करतो.

तिसरी गोष्ट वाटेची, आणि माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. दिवसभराच्या शर्यतींनी रेललगतचा, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कठड्यालगतचा, पट्टा खणल्यासारखा होतो, म्हणून जॉकी घोडे बाहेर काढतात. परंतु बाहेरची वाट फुकट मिळत नाही. अर्धवर्तुळाकार वळणावर रेलपासून एक मीटर बाहेर राहिले, तर सुमारे ३.१४ मीटर जास्त धावावे लागते, म्हणजे घोड्याच्या एका लांबीहून अधिक. चार मीटर बाहेर गेलेल्याने पाच लांबी गमावलेल्या असतात, आणि बाहेरची जमीन तेवढी परत करणारी आहे की नाही, हे त्याला आधीच्या शर्यतीत स्वतःच्या घोड्याखाली कळलेले असले पाहिजे. त्या दिवशीची पहिलीच स्वारी असलेल्या जॉकीला हा अंदाज नसतो. आपल्या वहीत ‘त्या दिवशीची कितवी स्वारी’ असा रकाना आहे का?

चिखलाविषयी एक अवांतर. ओल्या दिवशी कित्येक जॉकी एकावर एक तीन-चार गॉगल लावून निघतात आणि वरचा माखला की तो ओढून गळ्यात टाकतात. शर्यतीनंतर कोणाच्या गळ्यात किती गॉगल आहेत हे पाहिले, तर कोण किती वेळ इतरांच्या मागे अडकला होता ते न विचारता समजते.

उत्तर (हिरवळ)

‘ओला’ हा एकच रकाना ठेवणे मला अपुरे वाटते. ऑस्ट्रेलियात टर्फची अवस्था १ ते १० अशा श्रेणीत सांगतात. १-२ टणक, ३-४ चांगला, ५ ते ७ मऊ आणि ८ ते १० जड. फ्रान्समध्ये पेनेट्रोमीटरने ठराविक वजन पाडून सळई किती रुतते ते मोजतात. ब्रिटनमध्ये गोइंगस्टिक नावाचे उपकरण जमिनीत रुतवून मग तिरपे ओढतात, त्यामुळे रुतण्याबरोबर मातीची पकडही कळते. ही पकडच महत्त्वाची आहे. नुकत्याच पडलेल्या पावसाने सैल झालेली जमीन खूर लगेच सोडते, तर दोन दिवस वाळत आलेली चिकट जमीन खूर धरून ठेवते. दोन्हींवर शेरा ‘मऊ’ असाच येऊ शकतो, पण घोड्याचा दम दुसरीवर फार लवकर जातो.

जॉकीविषयी एक उदाहरण देतो. पॅरिसच्या लॉन्शां मैदानावर २,४०० मीटरवर होणारी प्री द लार्क द त्रियोंफ ही शर्यत फ्रेंच जॉकी ऑलिव्हिए पेलिए यांनी १९९७ मध्ये पेंत्र सेलेब्र या घोड्यावर २ मिनिटे २४.६ सेकंदांत जिंकली, तो तेव्हाचा विक्रम होता. त्यांनीच २०१२ मध्ये त्याच अंतरावर, पावसाने जड झालेल्या जमिनीवर सोलेमिया या घोडीला जिंकून दिले, तेव्हा वेळ लागला २ मिनिटे ३७.६८ सेकंद. तेरा सेकंदांचा फरक, आणि जॉकी तोच. यांना कोणत्या रकान्यात टाकणार?

त्याच २०१२ च्या शर्यतीत जॉकी क्रिस्तोफ सुमियों यांचा घोडा ओर्फेव्र सरळ भागात सहज आघाडीवर गेला, मग आत रेलकडे झुकत गेला आणि अखेरच्या काही झेपांत सोलेमियाने त्याला मानेच्या अंतराने हरवले. दोष जमिनीचा, लवकर पुढे गेल्याचा की घोड्याच्या लहरीपणाचा, यावर आजही वाद घालता येईल. तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या असे मला वाटते.

प्रश्नकर्ता (आतली रेल)

सर्वांचे आभार. काल रात्री वही पुन्हा उघडून बसलो. घोडे मागे घेतल्याने कमी झालेली संख्या हिशोबात धरताच माझ्या ‘ठळक’ जॉकींपैकी बहुतेक जण साध्या सरासरीवर आले. एकच नाव अजून वर टिकून आहे. त्याच्या ओल्या ट्रॅकवरील शर्यतींची चित्रफीत पाहिली, तर तो बहुतेक वेळा वळण संपेपर्यंत हात हलवतच नाही असे दिसते. कितवी स्वारी हा रकाना मात्र नव्हता. तो आजपासून आखला आहे, आणि ‘मऊ’च्या पुढे वाळता की भिजता हेही लिहीन.