सहा मिनिटांचं खूळ पुरे करा

चष्मिष्ट:
"व्हिडिओ सहा मिनिटांच्या वर गेला की विद्यार्थी पळतो, सगळे धडे कापा" असा फतवा परवा इथे, ऑनलाइन धडे बनवणाऱ्यांच्या या गटात, निघाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आकडा गुओ, किम आणि रुबिन यांच्या २०१४ च्या अभ्यासातला. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटचे चार कोर्स, व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं. मोजलं काय? व्हिडिओ किती वेळ पाहिला आणि पुढचा प्रश्न सोडवायला घेतला का. कळलं किती, हे नाहीच. गणितातल्या अर्ध्या तासाच्या सिद्धतेचे पाच तुकडे करा, चौथा "मागे पाहिल्याप्रमाणे" म्हणून सुरू होतो आणि मागचं कोणी पाहिलेलं नसतं.

कात्रीवाली:
वर्गातलं रेकॉर्डिंग नुसतं कापून टाकलं तर लोक कमी वेळ बघतात, हेही त्याच अभ्यासात आहे. ते बरं गाळलंत! कापायचं नसतंच, स्क्रिप्टच एका प्रश्नापुरती लिहायची. आणि मध्येच थांबवून विचारायचं. एचफाइव्हपी या व्हिडिओत प्रश्न घालायच्या साधनात टाइमलाइनवर प्रश्न बसतो, उत्तर चुकलं तर ठरवलेल्या सेकंदाला मागे नेता येतं. फक्त व्याख्या पडद्यावर असताना प्रश्न टाकू नका, पोरं बघून टिक करतात.

खर्जातला:
लांबीवर कसले भांडताय? चित्र धूसर असलं तरी माणूस बघतो, आवाज घुमला की बंद करतो. लॅपटॉपच्या माइकवर दोन हात लांबून बोलायचं आणि मग "एंगेजमेंट नाही" म्हणून रडायचं! कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत लावा. रेकॉर्डिंगची पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. बोलण्याआधी दहा सेकंद गप्प बसा, पंख्याची घरघर काढायला तोच नमुना लागतो. पण ती फार काढलीत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

तंतोतंत:
आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, ४४.१ ऐवजी ४८ किलोहर्ट्झ ठेवा, नाहीतर शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

खर्जातला:
चूक! सॅम्पल रेट चुकीचा वाचला गेला तर पहिल्या सेकंदापासून आवाजाची पट्टीच बदलते. हळूहळू सरकतो तो फोनच्या व्हेरिएबल फ्रेम रेटमुळे, म्हणजे सेकंदाला चित्रं कमीजास्त होत राहिल्याने. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो कॉन्स्टंट करून घ्या, मग एडिटिंग. आवाजाला वेगळा रेकॉर्डर असेल तर त्याचं आणि कॅमेऱ्याचं घड्याळ जुळत नाही. सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा आणि दोन्ही टाळ्या चित्राशी जुळतील एवढा आवाजाचा ट्रॅक ताणा.

तंतोतंत:
धन्य आहात. रेकॉर्डरचं मान्य. पण ४८ च ठेवा, व्हिडिओची पद्धत तीच आहे.

चष्मिष्ट:
धागा माझा, चर्चा माइकची. चालू द्या!

कात्रीवाली:
मग मुद्द्यावर या. तुमच्या त्या सिद्धतेत विद्यार्थ्याने स्वतः लिहावी अशी पायरी कोणती?

चष्मिष्ट:
तिसरी. तिथे थांबवा, हवं तर. पण फाइल एकच राहील.