मदत हवी आहे: बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या केसांतलं सोनं

इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’ (सुमारे 1485, उफिझी संग्रहालय, फ्लॉरेन्स) या प्रेमदेवीच्या चित्राची नक्कल अंड्याच्या टेंपेरात (बलकात कालवलेल्या रंगांत) चालू आहे. वाऱ्यावरचे गुलाब म्हणजे प्रेम. होराच्या (उजवीकडच्या ऋतुदेवतेच्या) गळ्यातली मर्टल या झुडपाची सदाहरित पानं म्हणजे न कोमेजणारं प्रेम. तेवढं जमलं. अडलंय केसांवर. मूळ चित्रात बटांवर, वायुदेवतांच्या पंखांवर, शिंपल्यावर सोन्याच्या पुडीच्या अगदी बारीक रेघा आहेत, आणि माझ्या मते व्हीनसचं देवीपण त्यांतच आहे. बलक-पाणी समसमान घेऊन सोनं कालवलं की चमक मरते. बाभळीच्या डिंकात चमकतं, पण बोट लागताच निघतं. थर जाड केला तर कॅनव्हासवर तडकतो. डिंक किती पातळ ठेवावा? रेघांखाली आधी गेरूचा हात द्यावा का?