सक्शनच्या नळीत हाडाचा चुरा पकडणारा डबा: जाळी का तुंबते?

उपकरण_डिझाइन
मणक्याच्या शस्त्रक्रियेत लॅमिना (मणक्याची मागची हाडाची पट्टी) बरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या घासणीने, घासताना निघणारा चुरा सक्शनमधून वाया जातो. तो पकडून फ्युजनसाठी (मणके एकमेकांना जोडण्यासाठी) वापरता यावा म्हणून सक्शन लाइनमध्ये बसणारा, एकदाच वापरायचा डबा करतोय. सध्याच्या नमुन्यात पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या डब्यात २५ मिमी व्यासाच्या दोन सपाट जाळ्या एकाखाली एक आहेत. वरची १००० मायक्रॉनची, खालची २००. मोठे तुकडे वर राहावेत, बारीक चुरा खाली, अशी अपेक्षा होती. बकऱ्याच्या हाडावर तपासलं तर ३-४ ग्रॅम जमताच ओढ जवळजवळ बंद होते, आणि वरच्या जाळीवर सगळंच मिसळलेलं दिसतं. जाळी बदलावी की दाब वाढवावा?

गाळणीवाला
दाब अजिबात वाढवू नका. ओल्या चुऱ्याचा थर दाबाने आणखी घट्ट होतो आणि वाट अजून बंद होते.

जाळीच्या भोकांआधी क्षेत्रफळ बघा. २५ मिमीच्या चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौ. सेंमी. तिच्यावर १० सीसी चुरा बसला तर २ सेंमी जाड थर होतो. त्याऐवजी २५ मिमी व्यासाची, ६० मिमी उंच जाळीची टोपली घ्या. नुसत्या भिंतीचंच क्षेत्रफळ ४७ चौ. सेंमी, म्हणजे तोच चुरा २ मिमीच्या थरात मावतो. थर साधारण दहापट पातळ आणि त्यातून जाणारा वेगही तितकाच कमी, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला दाबातली घट जवळपास ९० पट कमी होते. प्रत्यक्षात चुरा आधी तळाशी साठतो, ते बरंच आहे, कारण वरची भिंत मोकळी राहते. मात्र डबा उभाच टांगला पाहिजे. प्रवाह टोपलीच्या आतून बाहेर ठेवा, म्हणजे चुरा टोपलीसकट उचलता येतो.

वर्गवारी वाहत्या नळीत होणार नाही. पहिला पातळ थर बसला की तो थरच गाळणी बनतो. त्यापुढे ५० मायक्रॉनचे कणही १००० च्या जाळीवर अडकतात. तुमचं 'सगळंच मिसळलेलं' हे त्याचंच लक्षण. म्हणून नळीत ३०० मायक्रॉनची एकच जाळी ठेवा आणि वर्गवारी नंतर ऑपरेशन थिएटरमधल्या मागच्या टेबलावर करा.

मणक्याचा_सर्जन
वरच्याशी सहमत. पण ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) बाजूने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिली: बायपास. एपिड्युरल शीर (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची) फुटली आणि त्याच क्षणी डबा तुंबला तर समोरचं काही दिसत नाही. डब्याच्या दोन्ही बाजूंना वाय-जोड आणि एका हाताने फिरणारा कॉक द्या, म्हणजे सक्शन थेट चालू करता येईल. त्याहून चांगलं म्हणजे दोन सक्शन. डब्याची फक्त बर चालू असताना, दुसरी रक्तासाठी.

डब्याची सक्शन काम नसताना उघडी ठेवू नये. थरातून सतत हवा ओढली गेली की चुरा सुकतो, आणि सुकलेल्या हाडात जिवंत पेशी उरत नाहीत. नळीला चिमटा द्या आणि तो वापरायची सूचना पाकिटावरच छापा.

बरचाही विचार करा. डायमंड बर पिठासारखी भुकटी काढतो आणि तापतोही. हाड ४७ अंशांना मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते. फ्लूटेड (खाचा असलेल्या) बरचे तुकडे मोठे असतात. १०० मायक्रॉनच्या खालची भुकटी शरीर लवकर उचलून टाकतं, तिच्यावर फ्युजनचा भरवसा ठेवू नये.

बोन वॅक्स (हाडातून येणारं रक्त थांबवायचं मेण) लावलं की गोळा करणं थांबवायचं, कारण मेण हाड जुळू देत नाही. संसर्ग किंवा गाठीची शंका असेल तर डबा लावायचाच नाही.

उपकरण_डिझाइन
टोपली आणि बायपास घेतो. टेबलावरची वर्गवारी नेमकी कशी? आणि स्टीलची जाळी बरी की नायलॉनची?

मणक्याचा_सर्जन
स्टीलच्या वाटीत ५० मिली नॉर्मल सलाइन घ्या. डिस्टिल्ड वॉटर नको, त्यात पेशी फुगून फुटतात. वर १००० मायक्रॉनची उथळ गाळणी ठेवून चुरा तिच्यात टाका आणि हलके हेलकावे द्या. चमच्याने रगडू नका, रगडल्यावर हाडाचं पीठ होतं. वर राहिलेले मऊ ऊतींचे धागे चिमट्यानेच काढावे लागतात. ते जाळीतून आडवे अडकतात, उभे निसटतात, त्यामुळे कुठलीही जाळी त्यांना वेगळं करत नाही. खालचं पाणी पुन्हा ३०० च्या गाळणीतून घ्या. निवडलेलं हाड सलाइनने ओल्या गॉझखाली झाकून ठेवा आणि लवकरात लवकर वापरा.

साचे_आणि_जाळ्या
३१६एल स्टीलची विणलेली जाळी ताठ असते, पण कापलेल्या कडेची तार सुटते. सुटलेली तार ग्राफ्टमध्ये (भरायच्या हाडात) गेली तर एक्स-रेत दिसेल आणि डबा तिथेच बाद होईल. कड पूर्णपणे प्लास्टिकमध्ये बंद झाली पाहिजे. मोल्डिंगच्या दाबाने जाळी सरकते, म्हणून साच्यात पिना हव्यातच. नायलॉनची जाळी कडेला वितळवून जोडता येते, तार सुटण्याचा प्रश्न उरत नाही. एकदाच वापरायचा डबा असेल तर मी नायलॉन घेईन, बाहेरून सहा उभ्या काड्यांचा आधार देऊन.

नळीच्या जोडाकडेही बघा. सक्शनच्या टोकाच्या भोकापेक्षा पुढची कुठलीही वाट अरुंद नको. ६ मिमीच्या नळीत खोचलेला काटेरी जोड आतून ४ मिमीचाच निघतो आणि तुकडे तिथे अडतात.

झाकणाच्या ओ-रिंगसकट डबा ६५० मिमी पाऱ्याच्या ऋण दाबावर तपासा. प्रवाहाची चाचणी सोपी आहे: ५०० मिली पाणी ओढायला लागणारा वेळ आधी रिकाम्या डब्यात मोजा, मग १० ग्रॅम ओला चुरा टाकून. किती चुरा निसटला ते बघायला डब्यातून पुढे गेलेलं पाणी कागदातून गाळा आणि कागद वाळवून तोला. निर्जंतुक करायला गॅमा किरण दिल्यावर पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं. चालतं, पण रंग ठरवताना ते धरा.

दात_आणि_हाड
हाच डबा दाताच्या इम्प्लांटसाठी द्यायचा विचार असेल तर थांबा. तोंडात लाळेतले जंतू चुऱ्यासोबत येतात. तिथे आधी क्लोरहेक्सिडिनची चूळ आणि डब्यासाठी वेगळं टोक लागतं, जे लाळेला किंवा हिरडीला लावायचंच नाही. त्यापेक्षा मिनिटाला ५० ते १५० फेऱ्यांवर, पाणी न सोडता ड्रिल केलं तर हाड ड्रिलच्या खाचांतच राहतं आणि थेट खरवडून घेता येतं.

गाळणीवाला
चाचणीत एक भर: बकऱ्याच्या हाडाच्या चुऱ्यात थोडं ताजं रक्तही मिसळा. नुसत्या पाण्यात चांगला चालणारा डबा रक्ताच्या गुठळीने तुंबतो. जाळी आधी सलाइनने भिजवली आणि मधूनमधून २०-३० मिली सलाइन ओढलं तर फरक पडतो का, तेही त्याच चाचणीत कळेल.