फीवाढ आणि पालकांची समिती

'फी झेपत नसेल तर शाळा बदला' हे शाळांच्या फीवाढीवर काही जणांचं म्हणणं अजिबात पटलं नाही. पाचवीतल्या मुलाचे मित्र, बाई, स्कूलबस सगळं सोडून नवीन शाळा शोधायची, तेही मुंबईत, इतकं सोपं असतं का? महाराष्ट्राच्या २०११ च्या फी कायद्यानुसार खासगी शाळेला फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावाच लागतो, आणि समितीतले पालक सोडतीने निवडायचे असतात, मॅनेजमेंटच्या मर्जीने नाही. माझ्या मुलीच्या शाळेत सोडत कधी झाली कोणालाच कळलं नाही, थेट नावंच व्हॉट्सअ‍ॅपवर आली, फार राग येतो याचा. तेव्हा जूनमध्येच चार-पाच पालक मिळून लेखी अर्ज द्या, सोडतीची तारीख विचारा आणि कॉपीवर शाळेचा शिक्का घ्याच.