१८७८ च्या रत्नागिरीत पक्षी जमवणारा साहेब: त्याचा दिवस कसा जायचा?

पडाव

एका दीर्घकथेसाठी नेमकी माहिती हवी आहे. काळ १८७८, ठिकाण रत्नागिरी जिल्हा. मुख्य पात्र एक इंग्रज अधिकारी, कचेरी सांभाळून पक्षी, साप, झाडपाला जमवणारा. दोन प्रसंग कच्चे लिहून झाले आहेत.

पहिला: एप्रिलमधली पहाट. भाट्याच्या खाडीवर तो तुतारी (चिखलात चरणारा छोटा पाणपक्षी) आणि खंड्या मारतो, दिवसभर कचेरीत बसतो आणि रात्री कंदिलाच्या उजेडात पक्षी सोलून पेंढा भरतो. दुसरा: श्रावणात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सापडलेलं फुरसं (विषारी साप) तो फॉर्मलिनच्या बरणीत घालतो आणि बोटीने मुंबईला, बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवतो.

यात कुठे चुकतंय? आणि पक्षी सोलण्याची कृती कुणी पायरीपायरीने सांगेल का? तो बसला असताना त्याचे हात काय करत होते, ते मला लिहायचं आहे.

खाजणकाठ

पहिल्या प्रसंगाची अडचण वेळेची आहे. एप्रिलच्या उकाड्यात पहाटे मारलेला पक्षी रात्रीपर्यंत टिकत नाही. आधी पोट हिरवं पडतं, मग तिथली कातडी सुटते आणि बोट लागलं तरी पिसांचा पुंजका हातात येतो. तो नमुना गेला. म्हणजे साहेबाने कचेरीआधी सोलायला बसायचं, नाहीतर शिकवून तयार केलेल्या माणसाने ते काम करायचं. दुसरी वाट जास्त खरी वाटेल. शिकारी आणि सोलणारे बहुधा इथलेच असत आणि लेबलवर नाव मात्र साहेबाचं. तुमच्या कथेत त्या माणसाला नाव द्या.

दुसरं, ‘पेंढा भरणं’ हा शब्द काढा. काचेचे डोळे लावून फांदीवर बसवलेला पक्षी दिवाणखान्यासाठी. अभ्यासाचा नमुना म्हणजे उताणं, पंख मिटलेलं, कापूस भरलेलं कातडं. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा कापूस. असे नमुने खणात ओळीने ठेवता येतात आणि शेजारी शेजारी धरून ताडून बघता येतात.

आता कृती. लहान पक्ष्याला बारीक छर्रा, १० ते १२ नंबरचा, आणि दारू बेताची. मोठा छर्रा लागला तर कातडीची चाळण होते. पक्षी पडला की लगेच चोचीत आणि गुदद्वारात कापसाचा बोळा, नाहीतर रक्त नि लाळ पिसांवर येते. मग कागदाच्या पुरचुंडीत डोकं खाली करून सरकवायचा. रक्त गोठायला थोडा वेळ द्यायचा.

टेबलावर पक्षी उताणा. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत पिसं दोन्हीकडे फुंकून बाजूला करायची आणि फक्त कातडी चिरायची. पोटाचा पडदा फाटला तर आतडी बाहेर येऊन सगळं घाण होतं. चिरेत खडूची भुकटी किंवा लाकडाचा भुसा भुरभुरत राहायचं, ओल तो पितो. मांडी आतून वर ढकलून गुडघ्याच्या सांध्यात कापायची, दोन्हीकडे. शेपटीचं मूळ कातडीला ठेवून मणका तोडायचा. मग मोजा उलटा करतात तसं कातडं पाठीवरून सोडवत पंखांपर्यंत, तिथे दंडाचं हाड तोडून पुढे मानेवरून कवटीपर्यंत. इथे ओढाताण केली की मान लांबते आणि ती पुन्हा आखूड होत नाही. कानाची कातडी चिमट्याने उपटून, डोळे काढून, कवटीच्या मागच्या बाजूने मेंदू काढायचा. बदक आणि सुतारपक्षी यांचं डोकं मानेतून बाहेर येत नाही, त्यांना मानेच्या मागे वेगळी चीर द्यावी लागते. नवख्याच्या हातून सुताराची मान इथेच फाटते.

तुतारीबद्दल खास. एप्रिलमध्ये या पक्ष्यांचा उत्तरेकडे परतीचा प्रवास असतो आणि अंगावर पिवळी चरबी साचलेली असते. बोथट सुरीने खरवडून, भुसा चोळून ती सगळी काढली नाही, तर पुढे तेल सुटतं, कातडी पिवळी पडून ठिसूळ होते आणि पोटाची पिसं चिकटतात. म्हणून त्याच वेळात खंड्या दोन होतील तिथे तुतारी एकच होईल.

साफ झालं की आतून आर्सेनिकच्या साबणाचा पातळ हात, कातडं सुलट करायचं, शरीराएवढ्या काडीवर कापूस गुंडाळून आत घालायचा, तीन-चार टाके. चोच दोऱ्याने बंद, पाय एकमेकांवर, त्यांना लेबल. मग कागदाच्या नळीत घालून सावलीत. कोरड्या दिवसांत लहान पक्षी चार-पाच दिवसांत वाळतो.

टेबलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाडग्यांत ठेवलेले दाखवा. एका रात्रीत मुंग्या पापण्या आणि चोचीच्या कडेची कातडी खाऊन टाकतात.

सडाफूल

दुसऱ्या प्रसंगात तीन गोष्टी काळात बसत नाहीत.

फॉर्मलिन नमुने टिकवायला वापरता येतं हे १८९३ मध्ये पुढे आलं. १८७८ मध्ये फुरसं जाणार स्पिरिटमध्ये. बीएनएचएसची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ ची. आणि श्रावणात बोट कुठली? मिरग लागला की बंदरं बंद. पावसाळ्यातली पेटी एकतर घरात पडून राहणार, नाहीतर बैलांवरून घाट चढून कोल्हापूर किंवा कऱ्हाडकडे जाणार. स्पिरिटची बरणी घाटातून पाठवायला कुणी धजणार नाही.

फुरशाला पोटाकडून दोन-तीन ठिकाणी छोट्या चिरा द्याव्या लागतात. बंद कातडीतून स्पिरिट आत पोचत नाही, बाहेरून साप छान दिसतो आणि आत आतडी कुजून पोट फुगतं. बरणीत निम्म्याहून जास्त साप भरायचे नाहीत. अंगातलं पाणी सुटून स्पिरिट पातळ होतं, त्यामुळे पहिलं एक-दोन दिवसांत बदलायचं. साधी दारू यासाठी मऊ पडते, दोनदा गाळलेली हवी. लेबल पेन्सिलीने जाड कागदावर लिहून बरणीच्या आत टाकायचं. शाई स्पिरिटमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेला कागद झुरळं खातात.

आणि पाऊस म्हणजे नुसती अडचण समजू नका. झाडपाल्यासाठी तोच हंगाम. सड्यावरचं कातळ आठ महिने उघडं, आणि पहिल्या पावसानंतर त्याच्या खळग्यांतल्या मूठभर मातीत दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. हे झाड कोकणातलंच. डॅल्झेलने १८५० मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावातच ‘कोकणची’ असा अर्थ आहे. तो कस्टम खात्यातला अधिकारी होता. त्याने आणि गिब्सनने मिळून केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ चा, म्हणजे तुमच्या साहेबाच्या टेबलावर तो हवाच.

दीपकाडी वाळवणं अवघड आहे. कांद्यात इतकं पाणी असतं की कागदाच्या दाबात ठेवूनही ती वाढत राहते, देठ वाकतो, पानं पिवळी पडतात. उपाय असा: फुलं वर धरून कांदा आणि पानं क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवायची, कांदा मोठा असेल तर उभा चिरायचा. मग टिपकागदाच्या थरांत, वर-खाली बांबूच्या जाळ्या, दोरीने आवळून. कोरड्या दिवसांत कागद रोज एकदा बदलला तरी चालतो, श्रावणात दोनदा, आणि बदलायचे कागद चुलीवरच्या माळ्यावर गरम करून. एक दिवस चुकला तर पाकळ्यांवर बुरशी. वाळल्यावर किडीसाठी रसकापुराचं (पाऱ्याचा विषारी क्षार) स्पिरिटमधलं पाणी ब्रशने लावत. शेवटचा कागद साधारण १६.५ × १०.५ इंचांचा.

पडाव

फार मोलाचं. मग नमुने १८७८ मध्ये जाणार कुणाकडे? आर्सेनिकचा साबण तो कुठून आणायचा? आणि एक प्रसंग सुचतोय: सोलणारा मुलगा पक्षी नर की मादी ते साहेबाआधी सांगतो. हे शक्य आहे का? खंड्यात तर दोघं सारखेच दिसतात.

खाजणकाठ

शक्य आहे, आणि सोलणाराच ते आधी बघतो. कातडं निघालं की उरलेलं धड उघडायचं, आतडी बाजूला सारायची. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी नराला दोन फिकट दाणे असतात. मादीला फक्त डाव्या बाजूला बारीक द्राक्षाच्या घोसासारखं अंडाशय. विणीच्या दिवसांत लांबून दिसतं. एरवी मोहरीएवढं असतं आणि छर्रा नेमका तिथे लागला असेल तर काहीच कळत नाही. तेव्हा लेबलवर लिंगाची जागा कोरी ठेवायची. अंदाजाने भरलेलं लिंग कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

साबण घरीच करत. फ्रान्समधल्या मेस (Metz) गावच्या बेकर (Bécœur) नावाच्या माणसाने अठराव्या शतकात काढलेला नुस्खा चालू होता, त्याचं माप असं: आर्सेनिकची पूड २ पौंड, पांढरा साबण २ पौंड, पोटॅशचा क्षार १२ औंस, कापूर ५ औंस, चुन्याची किंवा खडूची भुकटी ४ औंस. साबण किसून थोड्या पाण्यात विरघळवायचा, मग क्षार आणि चुना, मग आर्सेनिक, आणि गार झाल्यावरच कापूर, नाहीतर तो उडून जातो. तुमच्या मुलाच्या नखांच्या मुळाशी न भरणारे फोड दाखवा. कातड्याला उघड्या हाताने साबण लावणाऱ्यांना तेच होत असे.

हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: जुन्या वाड्यांतली पेंढा भरलेली डोकी, पक्षी उघड्या हाताने हाताळू नका, झटकू तर मुळीच नका. दीडशे वर्षांत आर्सेनिक कुठेही जात नाही.

जुनी_कागदपत्रं

नमुने कुणाकडे, याचं उत्तर शिमला. ए. ओ. ह्यूम हा इंग्रज अधिकारी आणि पक्षीतज्ज्ञ तिथे हिंदुस्थानभरच्या मदतनिसांकडून पक्षी जमवत होता आणि १८७२ पासून ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांवरचं नियतकालिक चालवत होता. त्याने १८७४ मध्ये संग्राहकांसाठी हातपुस्तिकाही छापली होती, ती तुमच्या पात्राच्या खिशात शोभेल. पेटी गलबताने किंवा आगबोटीने मुंबई, तिथून रेल्वेने अंबाला, पुढे गाडीरस्त्याने डोंगर चढून. पेटीला आतून पत्रा आणि वर डाग (सांधे बंद करणारी झाळ), म्हणजे दमट हवा शिरत नाही. पण कातडं पुरतं वाळायच्या आत डाग दिला तर ओल आतच कोंडते आणि शिमल्याला उघडल्यावर बुरशीचा गोळा निघतो. घाई नेमकी मे महिन्यात होते, शेवटची बोट गाठायची म्हणून. कथेला गाठ इथे मारता येईल.

तुमच्या पात्राचा खरा समकालीन आहे: व्हिडाल, मुलकी खात्यातला अधिकारी. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची त्याची पहिली यादी ह्यूमच्याच नियतकालिकाच्या नवव्या खंडात, १८८० मध्ये आली. ती नुसती नावांची यादी नाही, कोणता पक्षी कोणत्या खाडीत, कोणत्या महिन्यात, हे त्यात आहे. याच वर्षीचा रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटियर सोबत ठेवा, गावं, बंदरं, घाटवाटा त्यात मिळतील. व्हिडालने फुरशांच्या दंशाचा प्रश्नही मांडला होता. फुरसं मारण्याला सरकारी बक्षीस होतं, तेव्हा सापासाठी साहेबाला सड्यावरचे दगड उलथत बसायची गरज नाही, कचेरीच्या दारात ती आणून दिली जातील. फक्त डोकं ठेचलेली असतील, आणि डोक्यावरचे खवले गेले की ओळख पटवणं कठीण. शाबूत डोक्याच्या सापाला जास्त पैसे, असं तो सांगेल.

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांकडे एक फेरी जरूर घाला. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी असतात, लाळेने चिकटवलेली. ह्यूमनेही १८७५ मध्ये या किनाऱ्याची आणि लक्षद्वीपची सफर केली होती.

त्याचा संग्रह १८८५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला. पक्ष्यांची कातडी आता इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात आहेत. नियतकालिकाचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर फुकट वाचता येतात.

पडाव

शेवटचं एकच. लेबलवर काय लिहिलेलं असेल, शब्दशः?

खाजणकाठ

चोच आणि पायांचा रंग आधी, पक्षी ऊबदार असतानाच. खंड्याचा पोवळ्यासारखा लाल वाळल्यावर मळकट तपकिरी होतो, बुबुळ तर राहतच नाही. निळी पिसं तशीच राहतात, त्यांचं वर्णन लिहीत बसायची गरज नाही. मापं इंचांत, आणि एकूण लांबी कातडं काढण्याआधी, कारण भरलेल्या कातड्याची लांबी भरणाऱ्याच्या हातावर असते. तुमच्या कथेतल्या खंड्यासाठी असं चालेल:

‘नं. २१२. मादी. भाट्ये खाडी, रत्नागिरी. १४ एप्रिल १८७८. लांबी ११.०, पंख ४.७. बुबुळ गडद तपकिरी. चोच व पाय पोवळ्यासारखे लाल. पोटात: लहान खेकडे, नाकतोड्याचे पाय. अंडाशयातला सर्वांत मोठा दाणा वाटाण्याएवढा.’

शेवटची ओळ गाळू नका. खंड्या एप्रिलमध्ये अंड्यावर येत होता, हे त्या एका ओळीवरून कळतं.