‘हार्डवर्किंग म्हणू नका’ म्हणे! मग काय म्हणायचं?

पीथमपूर अप-डाउन:
परवा आपल्या इंदूरच्या कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी एका क्लासची जाहिरात ढकलली. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी मासला: ‘मुलाखतीत स्वतःला हार्डवर्किंग म्हणू नका, ॲसिड्युअस म्हणा. शांत म्हणू नका, इम्पर्टर्बेबल म्हणा. बोलका नव्हे, लोक्वेशस! रोज दहा शब्द, तीन महिन्यांत नवी पर्सनॅलिटी.’ खाली अंगठ्यांची रांग. दोघा आयांनी तर तिथल्या तिथे फी विचारली.

गप्प बसणार होतो. पण इथून जवळच्या पीथमपूरला आमच्या कंपनीत भरतीच्या पॅनेलवर मी बसतो आणि हे शब्द ज्यांच्या तोंडून बाहेर पडतात त्यांच्या समोरच्या खुर्चीत मी असतो. मध्यंतरी एक डिप्लोमावाला मुलगा आला. हात चांगला, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं उपकरण) दिलं तर झटक्यात रीडिंग सांगितलं. मग विचारलं, आधीचे साहेब कसे होते? पोरगा ताठ बसला, वर पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, ही वॉज व्हेरी ऑफिशियस.’ पॅनेलवरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. त्याला म्हणायचं होतं की साहेब कामात चोख, पदाला शोभणारे. म्हणून बसला ते असं की साहेब नको तिथे नाक खुपसणारे, उगाच हुकूम सोडणारे. मी हिंदीत विचारलं, म्हणजे करायचे काय? तेव्हा गडी खुलला. रात्रपाळीत मशीन बसली की साहेब बाह्या सारून स्वतः खाली वाकायचे, आणि सकाळच्या रिपोर्टात श्रेय मात्र ऑपरेटरच्या नावावर टाकायचे. अरे, मग हेच सांग की बाबा!

माणसाबद्दलचा शब्द माणूस पाहून येतो, यादी पाहून नाही. त्या जाहिरातीसोबत नमुन्याचं एक पान होतं. त्यावर फ्रूगल आणि पार्सिमोनियस, दोन्हींपुढे ‘मितव्ययी’ छापलंय. एकाने माणूस शहाणा ठरतो, दुसऱ्याने कद्रू. हे पाठ करून पोरं मोठ्या साहेबांना त्यांच्या तोंडावर पार्सिमोनियस म्हणतील आणि वर थँक्यूची वाट बघत बसतील.

भंवरकुआं मास्तर:
जाहिरात माझ्या क्लासची नाही, हे आधी सांगतो. माझ्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत.

आता तुमचं ‘माणूस पाहून येतो’. येतो, पण कुणाला? ज्याच्या घरी जेवताना बाप इंग्रजीत ऑफिसातल्या माणसांची टिंगल करतो, त्याला. मी खरगोनकडचा. आमच्याकडे इंग्रजी सहावीत सुरू व्हायची आणि शिकवायचे गणिताचे सर. मी माणसं भरपूर पाहिली हो, पण ती सगळी निमाडीत होती.

माझ्या वर्गातली पोरं एसएससीच्या सीजीएलला, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेला बसतात. तिथे आजही समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहासाठी एक शब्द विचारतात. मिसअँथ्रोप (माणूसघाणा) कोण आणि मिसॉजिनिस्ट (स्त्रीद्वेष्टा) कोण, हे राजवाड्यावर उभं राहून माणसं न्याहाळल्याने कळणार आहे का? आपल्या राऊच्या आयआयएमची बारावीनंतरची प्रवेशपरीक्षा आयपीमॅट घ्या, तिथेही शब्दसंग्रह लागतो. एमबीए प्रवेशाच्या कॅटमधून थेट शब्दार्थ गेले, मान्य. पण हल्ली तिथल्या भाषेच्या भागात २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवर असतात. लेखकाचा सूर विचारला की पर्यायांत सार्डॉनिक (कुत्सित), अँबिव्हलंट (द्विधा), डायडॅक्टिक (उपदेशी). शब्दच अडला तर उतारा समजून काय उपयोग?

याद्यांना नावं ठेवायची चैन ज्यांना यादीची गरज पडली नाही त्यांनाच परवडते.

रात्री दीड वाजता:
दोघेही अर्धे अर्धे बरोबर आहात. मी जीआरई दिलीय, परदेशात पुढे शिकायला देतात ती परीक्षा. तिथून २०११ मध्येच विरुद्धार्थी आणि ॲनॅलॉजी (शब्दजोड्यांतलं नातं ओळखायचे प्रश्न) काढून टाकले. आता वाक्यात एक रिकामी जागा आणि सहा पर्याय. त्यातले दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच निघाला पाहिजे. याद्या घोकलेला मुलगा काय करतो? सहात दोन समानार्थी दिसले की टिक. आणि ती जोडी मुद्दाम ठेवलेली असते, वाक्यात बसतच नाही. पण मास्तरांचंही खरं, कारण सहापैकी चार शब्द ओळखीचेच नसतील तर वाक्य समजूनही हात हलत नाही.

आणखी एक. सायकॉलॉजी शिकतेय म्हणून सांगते. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी वेब्स्टरचा जाडजूड कोश चाळून माणसाचं वेगळेपण सांगणारे इंग्रजी शब्द काढले: १७,९५३. त्यांचे चार गट पाडले. टिकाऊ स्वभाव सांगणारे निघाले साडेचार हजारांच्या आसपास. बाकीच्यांत तात्पुरत्या मनःस्थितीचे होते, किरकोळ होते, आणि एक भलामोठा गठ्ठा असा होता की तो माणसाचं वर्णन करतच नाही, त्याच्याबद्दल बोलणाऱ्याचं मत काय ते सांगतो. पीथमपूरच्या काकांच्या किस्स्यातला तो मुलगा तिथे पडला. साहेबांचं वर्णन करायला गेला आणि नकळत मत देऊन बसला.

रोज दहा म्हटले तरी सगळ्यांना जवळपास पाच वर्षं लागतील. तीन महिने कुठले!

सुदामानगरची सून:
इंग्रजीचं राहू द्या. इथल्या मराठी मुलांना मराठीत तरी एखाद्या माणसाबद्दल चार ओळी लिहिता येतात का? माझ्या मुलाला ‘माझी आजी’ निबंध लिहायला बसवलं. ‘माझी आजी खूप छान आहे. तिचा स्वभाव पण छान आहे. ती गुस्सा करून राहिली की मला भीती लागते.’ संपलं. आजी समोर बसलेली, तीन पिढ्यांना नाचवणारी, वाटाणे सोलता सोलता अख्ख्या गल्लीचा हिशेब ठेवणारी, आणि नातवाकडे तिच्यासाठी शब्द एकच. छान.

माझ्या माहेरी पुण्यात पाचवीतलं पोर सांगेल की आजी तापट आहे पण मायाळू आहे. इथे सगळं ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’. लग्नानंतर पहिल्या महिन्यात नवऱ्याचा फोन, ‘मी घरावर आहे.’ मी घाबरून गच्चीवर धावले.

जुना तोफखाना:
सूनबाई, आजीला छान म्हणाला तो आठ-दहा वर्षांचा पोर असेल. पुण्यातली पाचवीतली पोरंही ‘आजी क्यूट आहे’ म्हणतात, माझ्याच भाच्याची नात म्हणते.

‘करून राहिलो’ला हसायचं कारण नाही. नागपूरलाही तसंच बोलतात, त्यांना कुणी गच्चीवर पाठवत नाही. इथे होळकरांच्या कचेरीत मराठीत कागद हलत होते तेव्हापासून ही भाषा या मातीत आहे. साहित्य संमेलन इंदूरला झालं १९१७ ला, १९३५ ला आणि २००१ ला. २००१ ला विजयाबाई राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, मी मांडवात होतो. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९५६ ला राज्य हिंदी झालं, शाळा गेल्या, कचेऱ्या गेल्या. तरी घरात टिकवली. आता तिची परीक्षा घ्यायला पुण्याहून कुणी यायला नको.

सुदामानगरची सून:
काका, परीक्षा कोण घेतंय? मी एका आईचं दुखणं सांगत होते. आणि ‘पुण्याहून कुणी यायला नको’ हे मी लग्नापासून ऐकतेय, निदान इथे तरी नको होतं. संमेलनं झाली, मांडव उठले. माझ्या मुलासाठी इथे मराठी शिकवणारी एक शाळा दाखवा, मी उद्या नाव घालते.

जुना तोफखाना:
शाळेचं खापर माझ्यावर कशाला? मी नगरसेवक नाही.

गप्प बसणारा:
इंग्रजी शब्दांचा धागा होता ना हा, भिया?

भंवरकुआं मास्तर:
होता. आणि मला पीथमपूरवाल्यांना एकच विचारायचंय. त्या मुलाला घेतलंत का?

पीथमपूर अप-डाउन:
त्याचा इथे काय संबंध?

भंवरकुआं मास्तर:
घेतलंत की नाही?

पीथमपूर अप-डाउन:
नाही घेतलं. पण शब्दामुळे नाही. पगाराची अपेक्षा जुळली नाही, आणि दुसरा उमेदवार देवासचा, त्याला सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा अनुभव जास्त होता. निवड पॅनेलची असते, माझ्या एकट्याची नव्हे.

रात्री दीड वाजता:
काका, पण बाईंनी पेन खाली ठेवलं ते? ते तुम्हीच लिहिलंय.

भंवरकुआं मास्तर:
घ्या! हेच म्हणत होतो मी. इथे म्हणायचं ‘हिंदीत सांग, साधं सांग’, आणि तिथे एक इंग्रजी शब्द चुकला की पेन खाली. मुलाखत इंग्रजीत घेता कशाला मग? व्हर्नियर इंग्रजीत चालतं का? तुमच्यासारख्यांच्या पेनाच्या भीतीने पोरं माझ्याकडे येतात. रात्री दहा वाजता भंवरकुआंच्या चौकात सेव-परमल खात शब्द घोकणारी पोरं एकदा येऊन पाहा, मग ‘पंख्याकडे पाहिलं’ म्हणून किस्से लिहा.

पीथमपूर अप-डाउन:
किस्सा त्याला हसायला सांगितलेला नव्हता. आणि ‘तुमच्यासारख्यां’चं म्हणाल तर मी स्वतः हिंदी मीडियमचा, रोजचा बसने अप-डाउन करणारा. कॉन्व्हेंटचा शिक्का माझ्यावर मारू नका.

मुलाखत इंग्रजीत का, हा प्रश्न मात्र खरा आहे. मी दोनदा वर विचारला. उत्तर: ‘हेड ऑफिसची पॉलिसी’. बाईंच्या पेनाचं मी समर्थन करत नाही. पण पेन खाली गेलं ते अर्धवट माहितीच्या शब्दाने. ‘गुड बॉस’ म्हणाला असता तर पेन हातातच राहिलं असतं. त्याला ऑफिशियस शिकवणाऱ्याने त्याचं नुकसान केलं, साधं बोलणाऱ्याने नाही. यावर बोला.

भंवरकुआं मास्तर:
यावर बोलतो. सुटा शब्द आणि पुढे एक हिंदी अर्थ, असं शिकवणारे बाजारात आहेत, रग्गड आहेत. मी तसं शिकवत नाही. मी घराणी लावतो. सँग्विन, फ्लेग्मॅटिक, कॉलरिक, मेलँकोलिक हे चार एकदम घेतो. जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात चार रस मानायचे: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. ज्याचा जो रस वरचढ तसा त्याचा स्वभाव. आपल्याकडे वात-पित्त-कफ आहेच, पोरांना लगेच बसतं. रक्तवाला उमेदीचा, कफवाला थंड, पिवळ्या पित्ताचा भडकू, काळ्याचा उदास. मग ग्रह. मर्क्युरियल बुधाचा, घडीत इकडे घडीत तिकडे. जोव्हियल गुरूचा, सॅटर्नाइन शनीचा. ज्यांच्या घरी पत्रिका बघतात त्यांना शनीचा माणूस कसा असतो हे सांगावं लागत नाही.

शिवाय एकदा घोकून भागत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आधी भराभर विसरतं, मग हळूहळू. म्हणून मी तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने परत विचारतो, दर वेळी नव्या वाक्यात. ‘रोज दहा नवे’वाल्यांना जुने परत विचारायला वेळच नसतो. तेवढ्यापुरता तुमच्या बाजूचा आहे, पण आनंदाने नाही.

पीथमपूर अप-डाउन:
मग तुम्ही यादी शिकवतच नाही, मास्तर. यादीच्या नावाखाली गोष्टी सांगता. आधीच सांगितलं असतं तर माझी संध्याकाळ वाचली असती.

बरं, परीक्षेपुरतं तुमचं मान्य. एसएससीच्या पेपरात मिसअँथ्रोप आला तर पोराने घोकलेला असावा. माझ्या खोलीत मात्र त्याने साहेबांच्या बाह्यांबद्दलच सांगावं. आणि ‘नवी पर्सनॅलिटी’ ही ओळ लिहिणाऱ्याला सापडला तर विचारीन की जुनीत काय वाईट होतं.

भंवरकुआं मास्तर:
ती ओळ भंकस आहे, त्यात वाद नाही. ऑफिशियस माझ्या यादीत आहे. उद्याच त्याच्यासमोर लाल शाईने ‘साहेबांसाठी वापरू नये’ लिहितो. खूश?

रात्री दीड वाजता:
सर, तुम्ही ऑनलाइन घेता का? घराणीवाली बॅच?

जुना तोफखाना:
सगळे इंग्रजीच्या मागे. सूनबाई, तुमच्या मुलासाठी देतो, लिहून घ्या. आतल्या गाठीचा, घुम्या, तुसडा, माणूसघाणा, भोचक, आगाऊ, बेरकी, इरसाल, तिरसट, चेंगट, लोचट, लाघवी, सालस, सोशिक, मनमिळाऊ. इथल्याच घरांत ऐकलेले आहेत सगळे, पुण्याहून मागवलेले नाहीत.

सुदामानगरची सून:
काका, सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या सोशिक त्यांना लावायचा आणि भोचक शेजारच्या घराला. मुलगा म्हणाला उलटं करू या. दोघांचं जोरात भांडण झालं, मराठीतच, म्हणून मी मध्ये पडले नाही.

यादीसाठी आभार. ‘घरावर’ मात्र चूकच आहे.

जुना तोफखाना:
‘घरावर’ चूक आहे हे मी कधी नाकारलं? ‘करून राहिलो’बद्दल बोलत होतो मी. ते राहणार.