उसाच्या पाचटाचं (वाळल्या पानांचं) कंपोस्ट ग्रो बॅगमध्ये भरून ढोबळी मिरची येईल का?

दहागुंठे (जुन्नर):
नमस्कार मंडळी. दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे, लाल-पिवळी ढोबळी घेतो. बेडमध्ये सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अतिबारीक कृमी) इतक्या झाल्यात की झाड उपटलं की मुळांना गाठीच गाठी. आता बेड सोडून ग्रो बॅगवर जायचंय. कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) खर्च गाडीभाड्यासकट काढला आणि गप्प बसलो. घरी खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या) पाचटाचा ढीग कुजून काळा झालाय, मागच्या हंगामातली मिरचीची झाडंही त्यातच टाकलीत. मातीसारखा वास येतो. हेच चाळून पिशव्यांत भरलं तर? खत ड्रिपनेच देणार.

वारणाकाठची (वाळवा):
दादा, नुसतं कंपोस्ट भरू नका. मी काकडी आणि ढोबळी दोन्ही घेते, पण मिश्रणात कंपोस्ट आकारमानाने चौथा हिस्सा, बाकी कोकोपीट. तामिळनाडूतल्या पोल्लाचीहून कोकोपीट आणणं सुटत नाही, कमी होतं एवढंच.

मुख्य भानगड क्षारांची. खत नियंत्रण आदेशात कंपोस्टचा ईसी (क्षार किती ते सांगणारा आकडा) ४ पर्यंत चालतो, म्हणून विकणारा ‘पास झालंय’ म्हणून कागद दाखवतो. पण तो आकडा रानात पसरायच्या खताचा. रानात ते मातीत मिसळून जातं, पिशवीत मुळाला पळायला जागाच नाही. ढोबळी तर क्षाराला फार नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काचा (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) ईसी १.५ च्या वर गेला की उत्पन्न घटायला लागतं. काकडी, टोमॅटो २.५ पर्यंत सोसतात. माझं ऐकाल तर पिशव्यांतलं पहिलं पीक काकडीचं घ्या. भरल्यावर लागवडीआधी साधं पाणी सोडून धुवा, निथळणाऱ्या पाण्याचा ईसी मोजत राहा. आकडा उतरायचा थांबला की मगच रोप.

दुसरं, काळा रंग आणि मातीचा वास म्हणजे कंपोस्ट पिकलं असं नाही. पाचटात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) गुणोत्तर शंभराच्या आसपास, आपल्याला हवं विसाच्या आत. कच्चं राहिलं तर जिवाणूच ड्रिपमधलं नत्र खातात आणि पानं पिवळी पडतात. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो कंपोस्ट कल्चर (कुजवणारे जिवाणू) हे प्रमाण आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, ते टाकलं होतं का? ढीग पलटला किती वेळा, तेही तुम्ही लिहिलं नाही.

पारख सोपी आहे. ओलं कंपोस्ट ताटलीत घ्या, वर अळीव पेरा, शेजारी साध्या कोकोपीटवरही पेरा. बाळंतिणीच्या लाडवातला तोच अळीव. परदेशातल्या प्रयोगशाळाही कंपोस्ट पिकलं का हे त्याच्यावरच बघतात, कारण दोन-तीन दिवसांत कोंब येतो. कंपोस्टवरचा मागे पडला, मुळाची टोकं तपकिरी झाली, तर ढीग परत रचा. सोबत घेवड्याचे चार दाणेही लावा. उसात तणनाशक मारलेलं असतं. त्याचा अंश राहिला असेल तर घेवड्याचं पान वाकडं होऊन सांगतं.

आणि मिरचीची झाडं त्या ढिगात नको होती. मोझॅक (पानं चट्ट्यापट्ट्यांची करणारा विषाणूरोग) होता का?

दहागुंठे:
ताई, युरिया टाकला होता, कल्चर नाही. ढीग एकदाच पलटलाय. मोझॅक कडेच्या ओळींत होता थोडा. ढीग मोठा आहे हो, वाया घालवू? साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ) मिसळून पुन्हा कुजवला तर?

वारणाकाठची:
वाया कशाला, उसाला घाला. टोमॅटो-मिरचीतले काही मोझॅक विषाणू ढिगाच्या उष्णतेलाही पुरून उरतात, मिरचीचा कचरा मिरचीच्या पिशवीत परत नकोच. त्यात झाडं बांधलेली प्लॅस्टिकची दोरी असते, ती वेचत बसाल ते वेगळंच. नवा ढीग नुसत्या पाचटाचा लावा.

मळी चालेल, पण स्पेंटवॉश (दारू-अल्कोहोल गाळून उरलेलं सांडपाणी) मारलेली नको. त्यात पालाश (पोटॅश) आणि क्षार भरपूर. तसंही कंपोस्टात पालाश असतोच, त्यामुळे सुरुवातीला ०:०:५० (ड्रिपमधून द्यायचं पालाशाचं खत) कमी करा. पालाश जास्त झाला की कॅल्शियम उचलला जात नाही आणि ढोबळीच्या फळाचं टोक काळं पडतं. मग लोक बुरशीनाशक मारत बसतात! कॅल्शियम नायट्रेट चालू ठेवा, फक्त सुपर फॉस्फेट किंवा सल्फेटच्या टाकीत ते घालू नका, साका बसतो.

रोपवाटिका_नाशिक:
ताईंशी सहमत. एकच भर: रोपांच्या ट्रेमध्ये हे कंपोस्ट अजिबात वापरू नका, तिथे धुतलेलं कोकोपीटच. कच्च्या कंपोस्टावर चिलटं येतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून लावा. कंपोस्ट पिशवीत आणखी कुजत राहतं आणि मिश्रण खाली बसतं, तेव्हा काठोकाठ भरा, नाहीतर हंगाम संपेपर्यंत मुळं उघडी पडतील. फार बारीकही चाळू नका, भुगा झाला की पाणी निथळत नाही.